दुहाती तलवार आणि चिलखत : पहिल्यांदा चाचणी घेणाऱ्यांसाठी

आमच्या छोट्या गटाने पहिली चाचणी घेतली तेव्हा कड्यांच्या चिलखताचा हातभर तुकडा आम्ही सागवानी फळीवर खिळ्यांनी ठोकला होता. दोन्ही हातांनी घातलेल्या एकाच घावात सहा-सात कड्या उघडल्या, पाते फळीत रुतून बसले आणि ‘तलवारीने चिलखत तुटते’ असे ठरवून आम्ही खुशीत घरी परतलो. पुढे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की त्या कड्या रिव्हेट केलेल्या, म्हणजे टोकांतून बारीक खिळा ठोकून पक्क्या बंद केलेल्या नव्हत्याच, नुसती टोके जुळवून वाकवलेल्या होत्या. शिवाय माणसाच्या अंगाखाली असते ती मऊ जागा आमच्या मांडणीत कुठेच नव्हती, आणि चिलखताच्या आत घालायचा जाड कापडी थर तर आम्ही साफ विसरलो होतो. घाव खरा होता, तलवारही बरी होती, पण चाचणी मात्र चिलखताची नसून फळीची झाली होती.

नवख्यांच्या बहुतेक चाचण्या याच कारणाने फसतात, म्हणून या लेखात तलवारीइतकीच जागा चिलखताला आणि चिलखताच्या मागे काय असावे याला दिली आहे. ‘दुहाती तलवार’ म्हणजे इथे साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकातील, दोन्ही हातांनी पेलायची, सरळ आणि दुधारी युरोपीय तलवार असे समजावे. इंग्रजीत तिला लाँगस्वोर्ड म्हणतात. तिची एकूण लांबी बहुधा १०० ते १३० सेंटिमीटर आणि वजन सव्वा ते पावणेदोन किलोच्या आसपास असते. सोळाव्या शतकातील जर्मन भाडोत्री सैनिकांच्या हाती दिसणारी, माणसाच्या उंचीला येणारी अडीच-तीन किलोंची तलवार हा वेगळा विषय आहे. इथली मापे तिला लावू नयेत.

आधी प्रश्न लिहून काढा

‘तलवार चिलखत भेदते का’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण कोणती तलवार, कोणते चिलखत, शरीराचा कोणता भाग आणि कोणत्या तऱ्हेचा घाव यांपैकी काहीच त्यात सांगितलेले नाही. त्याऐवजी ‘चौदाव्या शतकातील निमुळत्या टोकाच्या तलवारीचा भोसका, काखेत असते तसे रिव्हेटच्या कड्यांचे चिलखत आणि त्याखालचा सोळा पदरी कापडी थर पार करून किती आत जातो’ असा प्रश्न वहीत लिहावा. प्रश्न इतका नेमका झाला की काय विकत घ्यायचे, काय घरी शिवायचे आणि किती घाव घालायचे हे आपोआप ठरत जाते.

काळाचा मेळ बसवणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. ब्रिटिश अभ्यासक युअर्ट ओकशॉट यांनी १९६० साली मध्ययुगीन तलवारींचे दहा ते बावीस या रोमन आकड्यांचे वर्गीकरण मांडले, आणि प्रतिकृती विकणारे बहुतेक उत्पादक आजही तोच क्रमांक देतात. त्यातला तेरा-ए हा प्रकार रुंद, जवळजवळ समांतर धारांचा आणि पन्हळ असलेला आहे. तो साधारण १२४० ते १३५० या काळातला असून मुख्यतः कापण्यासाठी आहे. पंधरा-ए हा प्रकार मुठीपासून टोकापर्यंत निमुळता होत जाणारा, चौकटच्या पत्त्यासारख्या छेदाचा आणि ताठ आहे, तर सतरा हा प्रकार जाड, षट्‌कोनी छेदाचा आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. पत्र्याची चिलखते जसजशी अंगभर पसरत गेली तसतशी तलवार ताठ आणि अणकुचीदार होत गेली, हे या क्रमातूनच दिसते. म्हणून तेरा-ए प्रकारची तलवार पंधराव्या शतकातील मिलानी छातीपत्र्यावर आपटून ती ‘निकामी’ ठरवणे म्हणजे सुतारकामाचा वाकस दगडावर चालवून त्याला नावे ठेवण्यासारखे आहे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तलवारी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतात, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अनेक शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. अशा आदेशाच्या काळात तलवार बाळगून रस्त्याने जाणे गुन्हा ठरतो. धार लावलेली प्रतिकृती मागवण्यापूर्वीच स्थानिक पोलीस ठाण्यात विचारपूस करावी, आणि चाचणी बंदिस्त खासगी जागेतच घ्यावी. गच्ची ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. शेतावरची शेड किंवा ओळखीच्या वर्कशॉपचे आवार बरे.

तलवार हाती घेण्यापूर्वी

बाजारात तलवारीसारखे दिसणारे बरेच काही मिळते. भिंतीवर टांगण्याच्या शोभेच्या तलवारी पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि त्यांचे पाते मुठीत शिरते तिथे एक बारीक सळई जोडलेली असते. अशी तलवार जोराने फिरवली तर जोडावर तुटून पाते उडते, आणि ते कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. चाचणीसाठी पाते स्प्रिंग स्टीलचेच हवे. ईएन ४५, ५१६० किंवा ६१५० ही नावे माहितीपत्रकात दिसली की निदान सुरुवात बरी आहे असे समजावे. मोटारीच्या कमानपाट्यांचे पोलाद याच जातीचे असते. पात्याला नीट पाणी दिलेले आणि नंतर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवलेले असावे. रॉकवेल मोजपट्टीवर ५० ते ५४ च्या आसपासचा कठीणपणा अशा पात्यांना साजतो. देहरादून हे अशा प्रतिकृतींच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे, त्यामुळे परदेशी दुकानांत दिसणाऱ्या कित्येक तलवारी मुळात आपल्याकडूनच गेलेल्या असतात.

पुढची पाहणी घरच्या साधनांनी होते. तलवार स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावी. मग ती बोटावर आडवी धरून तोल कुठे साधतो ते पाहावे आणि तो बिंदू मुठीच्या आडव्या दांडीपासून किती अंतरावर येतो ते मोजावे. लढण्याजोग्या दुहाती तलवारीत हे अंतर बहुधा पाच ते पंधरा सेंटिमीटर असते. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने पात्याची जाडी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकापासून चार बोटे अलीकडे अशा तीन ठिकाणी मोजावी. अस्सल तलवारींचे पाते मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असून टोकाकडे निम्म्याहून पातळ होत जाते. तिन्ही ठिकाणी जाडी सारखीच आली तर ती तलवार नसून तलवारीच्या आकारात कापलेली पट्टी आहे असे खुशाल समजावे. तिच्यावर घेतलेल्या चाचणीतून मध्ययुगाबद्दल काही कळत नाही.

मुठीच्या शेवटी असलेला वजनदार गोळा, म्हणजे पॉमेल, कसा बसवला आहे ते विचारून घ्यावे. पात्याची शेपटी पॉमेलच्या आरपार काढून तिचे टोक हातोडीने ठोकून पसरवलेले असेल तर उत्तम. आटे पाडून नट घट्ट केलेला असेल तर प्रत्येक पाच घावांनंतर तो तपासावा लागतो. तलवार कानाजवळ धरून मुठीवर तळहाताने थाप मारावी. आतून खुळखुळ ऐकू आली तर त्या दिवशी चाचणी घेऊ नये.

शेवटी पात्याचा शांत बिंदू शोधून ठेवावा. मूठ एका हातात सैल धरून, पाते खाली लोंबते ठेवून, दुसऱ्या हाताने पॉमेलवर टिचकी मारली की पाते थरथरते, पण टोकापासून काही अंतरावर एक जागा जवळजवळ स्थिर राहते. तिथे खडूने खूण करावी. घाव या खुणेच्या आसपास बसला तर हाताला झिणझिण्या कमी येतात आणि जोर वाया जात नाही. हा बिंदू आणि भौतिकशास्त्रातला आघातकेंद्र म्हणतात तो बिंदू तंतोतंत एकच नसतात, मात्र आपल्या कामापुरते ही खूण पुरते.

चिलखत तयार करणे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित थर कापडाचा आहे. युरोपात त्याला गॅम्बेसन किंवा अ‍ॅकेटन म्हणत, आणि यातला दुसरा शब्द अरबी ‘अल्-कुत्न’, म्हणजे कापूस, यावरून आलेला आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला एक शब्द पुरेसा आहे : गोधडी. पदरावर पदर रचून, मध्ये जुनी वस्त्रे किंवा कापूस भरून, जवळजवळ धावदोरा घातलेली अंगातली गोधडी. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या पंधराव्या शतकातील आदेशात सैनिकांच्या अशा अंगरख्याला पंचवीस ते तीस पदर आणि वरून हरणाचे कातडे असावे असे म्हटले आहे. तो अंगरखा एकटाच घालण्यासाठी होता. कड्यांच्या चिलखताखाली त्याहून पातळ थर चाले. आमच्या अनुभवात दहा ते सोळा पदरी थर त्या कामाला योग्य ठरतो.

कापड लिननचे मिळाले तर उत्तम, नाहीतर धुऊन आटवलेला जाडा मांजरपाट घ्यावा. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर मिसळलेले कापड घेऊ नये, कारण त्याचे धागे धारेखाली वेगळ्या तऱ्हेने वागतात. चाळीस सेंटिमीटर चौरसाचे तुकडे एकमेकांवर ठेवून दोन-दोन बोटांच्या अंतराने उभी शिवण घालावी. शिवण घातलीच पाहिजे. सुटे पदर धारेखाली सरकतात आणि शिवलेले सरकत नाहीत, त्यामुळे निकाल पूर्ण बदलतो. हे आम्हाला एका आजींनी सांगितले. त्यांनी आमचा पहिला नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला, शिवणीत अंगठा घातला आणि ‘याला टाके लांब पडलेत, हे दोन पावसाळे टिकायचं नाही’ एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या नमुन्यात टाके निम्मे केले आणि त्याच तलवारीचा घाव तीन पदर आधीच थांबला.

कड्यांच्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवलेली असते. मध्ययुगीन युरोपात कडीची दोन्ही टोके चपटी करून, एकमेकांवर आणून, भोक पाडून रिव्हेटने बंद करत. आज मिळणाऱ्या स्वस्त जाळीत टोके नुसती जुळवलेली असतात आणि ती नखाने नाही तरी पकडीने सहज उघडतात. अशा जाळीवर घेतलेली चाचणी लिहून ठेवण्याच्याही लायकीची नसते. रिव्हेट केलेली जाळी महाग पडते, पण चाचणीला संपूर्ण अंगरखा लागत नाही. वीतभर लांब-रुंद असे चार-पाच तुकडे पुरतात. कडीचा आतला व्यास सहा ते दहा मिलिमीटरच्या दरम्यान आणि तार एक ते दीड मिलिमीटर जाडीची असावी. हातात घेतल्यावर वीस-पंचवीस रिव्हेट भिंगाखाली पाहावेत. डोके अर्धवट बसलेले किंवा तिरके गेलेले रिव्हेट आढळले तर त्यांची संख्या वहीत नोंदवावी, कारण चाचणीत आधी तेच सुटणार आहेत.

कड्यांचे चिलखत काय करू शकते याची मराठी माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने शिवाजी महाराजांच्या कुशीत केलेला वार आतल्या चिलखतावर अडला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तो प्रदेश, ते शस्त्र आणि ती जाळी आपल्या विषयाहून निराळी असली, तरी जवळून केलेला वारही कड्या अडवू शकतात हे त्यातून ध्यानात राहते.

पत्र्याच्या बाबतीत मात्र जपून असावे. फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारा सोळा गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो आणि अस्सल छातीपत्र्यांची जाडी जागोजागी दीड ते तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात फिरते, म्हणून तो घ्यायला हरकत नाही. परंतु आधुनिक पत्रा एकजिनसी असतो आणि मध्ययुगीन लोखंडात धातुमळीचे धागे राहिलेले असत. अ‍ॅलन विल्यम्स यांनी युरोपीय संग्रहालयांतील चिलखतांच्या धातूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, त्यातून कार्बन कमी असलेल्या साध्या लोखंडापासून पाणी दिलेल्या चांगल्या पोलादापर्यंत सगळेच प्रकार पुढे आले. म्हणजे ‘मध्ययुगीन चिलखत’ नावाची एकच वस्तू नव्हती. आपल्या नोंदीत ‘सौम्य पोलाद, १.६ मिलिमीटर, पाणी न दिलेले’ इतके स्पष्ट लिहावे आणि त्यापलीकडचा दावा करू नये.

दुसरी गोष्ट गोलाईची. सपाट पत्र्यावर घाव पूर्ण बसतो, तर गोलाई दिलेल्या पत्र्यावर तो घसरतो, आणि अस्सल छातीपत्र्याचा आकार मुळात त्यासाठीच दिलेला असतो. पत्रा किमान मोठ्या पाइपावर ठोकून वाकवून घ्यावा. घमेल्याच्या बुडाची गोलाई वापरून आमच्या फॅब्रिकेटरने जो तुकडा दिला तो दिसायला विनोदी होता, पण घाव घसरवण्याचे काम त्याने चोख केले.

चिलखताच्या मागे काय असावे

हीच पायरी बहुतेक लोक गाळतात. मनुष्य फळीसारखा कडक नसतो आणि उशीसारखा मऊही नसतो. घाव बसला की तो थोडा मागे ढळतो, त्याची त्वचा आणि स्नायू दबतात, आणि आतले हाड अडते. हे तिन्ही गुण ज्यात थोडेफार असतील तेच आधारपीठ उपयोगाचे.

आम्ही सध्या वापरतो ती मांडणी अशी आहे. जमिनीत पुरलेल्या लाकडी खांबाला मोटारीचा जुना टायर उभा बांधला आहे, त्यामुळे आदळल्यावर सगळे अंग चार-पाच बोटे मागे जाऊन परत येते. टायरवर धडाच्या आकाराची लाकडी पेटी बसवली आहे आणि तिच्या तोंडाशी दहा सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर आहे. त्यावर कापडी थर, त्यावर कड्या किंवा पत्रा, आणि हे सगळे खिळ्यांऐवजी चामडी पट्ट्यांनी, अंगावर असते तितपत सैल बांधलेले.

माती कोणती, हा प्रश्न किरकोळ वाटतो पण तसा नाही. पहिल्यांदा आम्ही गणपतीची शाडू वापरली. सकाळी ती लोण्यासारखी होती आणि दुपारच्या उन्हात तिला भेगा पडल्या, त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे घाव एकमेकांशी ताडून पाहण्याची सोयच राहिली नाही. तेल मिसळलेली, न वाळणारी मूर्तिकारांची माती महाग असली तरी घ्यावी. तीही उन्हाने मऊ पडते, म्हणून दर अर्ध्या तासाने एक किलोचा लोखंडी गोळा एक मीटर उंचीवरून तिच्यावर सोडावा आणि पडलेल्या खड्ड्याची खोली मोजावी. खोली दोन-तीन मिलिमीटरहून अधिक बदलली तर माती सावलीत नेऊन पूर्ववत होईपर्यंत थांबावे. बुलेटप्रूफ जाकिटांच्या अमेरिकी मानकातही अशीच माती वापरतात आणि तीही आधी गोळा टाकून तपासतात. तिथे जाकिटामागच्या मातीत पडणारा खड्डा ४४ मिलिमीटरहून खोल जाऊ देत नाहीत. तो आकडा गोळीसाठीचा आहे, तो तलवारीला लावू नये.

सुरक्षितता

पाते किंवा त्याचा तुकडा सुटला तर तो घावाच्या रेषेत, पुढे किंवा मागे जातो. म्हणून त्या रेषेत कोणीही उभे राहू नये, आणि बाजूलाही निदान सहा-सात मीटर अंतर ठेवावे. घाव घालणाऱ्याने पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि जाड बूट घालावेत. कॅमेरा माणसाने धरू नये, तो ट्रायपॉडवर असावा. एका वेळी एकच तलवार म्यानाबाहेर असावी. दमलेल्या हाताने घातलेला घाव चाचणी बिघडवतो आणि पायही फोडतो, तेव्हा दहा घावांनंतर विश्रांती हा नियमच करावा. तलवार चालवण्याचे शिक्षण मुळीच घेतलेले नसेल तर आधी काही महिने बोथट पोलादी किंवा लाकडी तलवारीवर हात बसवावा, त्याला आडवाट नाही.

घाव घालण्याचा क्रम

क्रम तलवारीच्या धारेच्या दृष्टीने ठरवावा. पत्र्यावर एक घाव घातला की धार दुमडते, आणि मग कापडावरची चाचणी खोटी पडते. म्हणून आधी मोकळी माती, मग कापड, मग कापडावर कड्या आणि सर्वांत शेवटी पत्रा असा क्रम धरावा. प्रत्येक टप्प्यापूर्वी तलवारीने वर्तमानपत्राचा लोंबता कागद कापून धार शिल्लक आहे का ते पाहावे.

मोकळ्या मातीवरचे घाव कंटाळवाणे असतात, पण पुढचे सगळे त्यांच्याच मापाने मोजायचे असल्यामुळे ते वगळू नयेत. एकाच माणसाने, एकाच पवित्र्यातून, खांद्यावरून तिरका असा निदान पाच वेळा घाव घालावा. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करून मागे खुणा केलेली पांढरी पट्टी ठेवली की वेग काढता येतो. दोन चौकटींमधले अंतर सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे असते, तेव्हा तेवढ्यात खडूची खूण साडेसात सेंटिमीटर सरकली असेल तर वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर झाला. या वेगाचा वर्ग तलवारीच्या पूर्ण वजनाशी गुणून ऊर्जा काढण्याचा मोह टाळावा, कारण आघाताच्या जागी सगळी तलवार एकवटलेली नसते आणि आकडा भलताच फुगतो. आपल्याला वेग हवा आहे तो फक्त घावाघावांतला फरक ओळखण्यासाठी. ज्या घावाचा वेग सरासरीपेक्षा दहावा हिस्सा कमी-जास्त असेल तो बाजूला काढावा.

कापडावर पदर मोजावेत. घावानंतर शिवण उसवून, वरून किती पदर पूर्ण कापले गेले, किती अर्धवट आणि किती नुसते चेपले हे एकेक करून पाहावे. तलवार सरळ आदळण्याऐवजी किंचित ओढत नेली तर पदर अधिक कापले जातात, म्हणून दोन्ही तऱ्हा वेगळ्या नोंदवाव्यात.

कड्यांवर आल्यावर नवख्यांची निराशा होते. रिव्हेट नीट असतील तर जोराच्या घावाने कड्या क्वचितच तुटतात. त्या दबतात, एखाद-दुसरी लांबट होते, आणि तलवारीच्या धारेवर कड्यांच्या आकाराचे बारीक दाते उमटतात. इथे कड्या बाजूला करून माती पाहायला विसरू नये. कापडाचा एकही पदर न कापता मातीत लांबट घळ पडलेली असते, आणि ज्या अंगावर ती पडली असती त्याची फासळी किंवा गळ्याचे हाड शाबूत राहिले असते का, हा खरा प्रश्न तिथे समोर येतो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी इथे १३६१ साली डॅनिश सैन्याने मारलेल्या लोकांची सामूहिक दफने १९०५ पासून उकरली गेली. त्यांत कवट्यांवर कड्यांची शिरस्त्राणे तशीच राहिलेली सापडली, आणि हाडांवरचे कितीतरी घाव पायांच्या नडगीवर होते. ज्याने लढाई पाहिली होती त्याला चिलखत कापण्यापेक्षा ते नाही अशी जागा शोधणे सोपे वाटले असणार.

पत्र्यावरचे कापणारे घाव दोन-तीनच पुरेत. एक चकचकीत ओरखडा, थोडासा पोचा आणि दुमडलेली धार याखेरीज बहुधा काही मिळत नाही, आणि चौथ्या घावाने त्यात भर पडत नाही.

भोसका, अर्धी तलवार आणि उलटी तलवार

चिलखतधारी माणसाशी तलवारीने कसे लढावे याचे उत्तर मध्ययुगातील उस्तादांनी स्वतःच काढून ठेवले आहे. इटलीतील फिओरे देइ लिबेरी यांनी १४१० च्या सुमाराच्या सचित्र हस्तलिखितांत आणि जर्मनीतील हान्स टालहॉफर यांनी पंधराव्या शतकाच्या मध्याला एक हात मुठीवर व दुसरा पात्याच्या मध्यावर ठेवून लढणारे योद्धे दाखवले आहेत. अशी ‘अर्धी तलवार’ आखूड भाल्यासारखी होते. टोक डगमगत नाही आणि अंगाचे सगळे वजन त्यामागे घालता येते. लक्ष्य असते काख, कोपराची आतली बाजू, मांडीचा सांधा किंवा शिरस्त्राणाची डोळ्यांची फट.

चाचणीत हा भाग सर्वांत अधिक शिकवतो. जाड चामडी हातमोजे घालून पाते घट्ट आवळावे, कारण धारदार पाते हातात घसरले तरच कापते. ते मुठीत पक्के बसले असेल तर बहुधा कापत नाही, पण हातमोज्याशिवाय हे करून पाहू नये. टोक आधी कड्यांवर टेकवावे, ते एखाद्या कडीत अडकू द्यावे आणि मग कंबरेपासून रेटा द्यावा. पंधरा-ए प्रकारच्या ताठ टोकाने आमच्याकडे एक कडी रिव्हेटपाशी उघडली आणि टोक कापडातून मातीत दोन बोटे शिरले. तेरा-ए प्रकारच्या रुंद टोकाने तोच प्रयत्न केला तेव्हा पाते धनुष्यासारखे वाकले आणि कडी जागची हलली नाही. दोन तलवारींच्या वजनात शंभर ग्रॅमचाही फरक नव्हता.

तलवार उलटी धरून, दोन्ही हात पात्यावर ठेवून, आडव्या दांडीने किंवा पॉमेलने हातोड्यासारखा घाव घालण्याची जर्मन पद्धत सगळ्यांच्या शेवटी तपासावी. पत्र्यात पोचा पडतो तो याच घावाने, आणि प्रतिकृतीची मूठ सैल होते तीही यानेच. तीन घाव घालून थांबावे आणि प्रत्येक घावानंतर पॉमेल हाताने पिळून पाहावा.

नोंद

प्रत्येक घावामागे एक ओळ लिहावी : तारीख, माती मोजल्याची वेळ, तलवार, चिलखताचे थर, घावाची तऱ्हा, वेग, तुटलेल्या आणि वाकलेल्या कड्या, कापले गेलेले पदर, मातीतली खोली आणि धारेची अवस्था. फसलेला किंवा तिरका लागलेला घावही लिहावा आणि पुढे ‘बाद’ असा शेरा मारावा. तो खोडू नये. ‘भेदले’ म्हणजे काय याची व्याख्या पहिल्या पानावर, चाचणी सुरू होण्याआधी लिहिलेली असावी, नाहीतर आवडत्या तलवारीच्या बाजूने ती हळूहळू सरकत जाते. आमची सरकली होती.

चाचणीनंतर तलवारीचे

पाते आधी कापडाने पुसावे आणि धारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे कापूस अडकेल तिथे दाता पडला आहे. लहान दाते बारीक कानशीने, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करावेत, पण मोठा दाता घालवण्यासाठी सगळी धार मागे नेऊ नये. पाते वाकले असेल तर किती वाकले ते टेबलाच्या कडेशी ताडून मोजावे. हाताने सरळ करण्यापूर्वी ती नोंद झालीच पाहिजे.

त्यानंतर वर्कशॉपमधली जुनी युक्ती वापरावी. मुठीजवळचा वीतभर भाग आणि मोठ्या दात्यांच्या आसपासची जागा यांवर केरोसीन लावून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे आणि त्यावर पांढऱ्या खडूची पूड चोळावी. पाते निर्दोष असेल तर खडू कोरडा राहतो. सूक्ष्म तडा गेला असेल तर त्यात शिरलेले केरोसीन पाच मिनिटांत परत वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. ती रेघ दिसली की त्या तलवारीची धार घासून बोथट करावी, मुठीवर चिठ्ठी बांधावी आणि ती पुन्हा कोणाच्याही हाती फिरवायला देऊ नये.